‘तुला काय, तू तर जवळच राहतेस!’

पत्र असं आहे :

‘ताई, मी एका मालवाहतूक कंपनीच्या डिस्पॅच विभागात आठ वर्षं काम करते. ऑफिसची वेळ दहा ते साडेसहा. शेजारच्या टेबलावरची सहकारी लांबून येते, एका बाजूचे जवळजवळ दोन तास. तिची गाडी पाच पंचवीसची, म्हणून ती रोज पाचला निघते. त्या बदल्यात सकाळी साडेआठला येते म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की साडेआठला बघायला असतं कोण? मी दहाला पोचते तेव्हा बाई खुर्चीत निवांत रेलून बसलेल्या असतात.

आमच्याकडे खरी धावपळ पाचनंतर. सातच्या गाड्यांची चलनं, ड्रायव्हरांचे फोन, ऐनवेळी बदललेले पत्ते. ती गेली की तिच्या पार्ट्यांचे फोनही माझ्याच टेबलावर वाजतात. साडेसहाला सुटका होत नाही, सात-सव्वासात होतात. साहेबांकडे विषय काढला तर म्हणाले, ‘तुला काय, तू तर दहा मिनिटांवर राहतेस.’ मी एकटी राहते, त्यामुळे ‘तुझ्या घरी कोण वाट बघतंय’ हेही ऐकून झालं. गेले तीन महिने मी तिच्या निघण्याच्या वेळा मोबाईलमध्ये लिहून ठेवतेय. एकदा तर ती चार त्रेपन्नला उठली. हे सगळं एचआरला दाखवावं का? की मीच कोत्या मनाची झालेय?

– जवळची’

चार त्रेपन्न! तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा इथेच थबकले. पाचला सात मिनिटं कमी असताना शेजारची बाई उठली, हे टिपून ठेवावंसं वाटलं म्हणजे तुम्ही किती दमला आहात ते कळतं. कोत्या मनाच्या नाही आहात तुम्ही. पण त्या सात मिनिटांबद्दल आधी बोलू या, कारण तिथे मी स्वतः उभी राहिलेली आहे, आणि तीही तुमच्या बाजूला नव्हे.

नोकरीची पहिली सहा वर्षं मी लांबून येणारी होते. पाचच्या सुमाराला माझं निम्मं लक्ष घड्याळात असायचं. पर्स आधीच आवरून टेबलाखाली, चपलांचे बंद न सोडता दिवस काढलेला, आणि मनातल्या मनात जिना, रस्ता, पूल, फलाट. पाच वाजता कुणी ‘एक मिनिट हं’ म्हणालं, की पोटात गोळा यायचा. जवळ राहणाऱ्याचं एक मिनिट हे एक मिनिटच असतं. लांबच्याचं तसं नसतं. गाडी चुकली की पुढची अर्ध्या-पाऊण तासाने, तिला गर्दी जास्त, उतरल्यावरची बस निघून गेलेली. ऑफिसात दहा मिनिटं दिली की घरी दीड तास उशीर. त्यामुळे असली माणसं पाच-सात मिनिटं हाताशी राखून उठतात. बाहेरून ती कामचुकार वाटतात. मीही वाटत असणार.

या प्रवासाची मजा कुणाला येत नाही, हे वेगळं सांगायला नको. 2004 साली मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या 909 नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तुकड्या-तुकड्याने हिशेब मांडायला लावला : काय करत होतात, तेव्हा कसं वाटत होतं. सगळ्यात तळाला गेला तो सकाळचा कामावर जायचा प्रवास. घरकामाच्याही खाली, ऑफिसच्या कामाच्याही खाली! तुमची सहकारी रोज तेवढं सोसून साडेआठला खुर्चीत बसते. दहाला ती रेललेली दिसते, कारण तोवर तिचा दीड तास काम करून झालेला असतो. तुम्हीही साडेअकराला एकदा पाठ टेकत असालच की.

हे झालं तिच्या बाजूचं. आता तुमच्या बाजूचं सांगते, आणि माझ्या मते तुमचं पारडं बरंच जड आहे. फक्त तुम्ही तक्रार चुकीच्या गोष्टीची करताय.

साडेआठ ते पाच, दहा ते साडेसहा. मोजा, दोन्हीकडे साडेआठ तास. कागदावर फिटंफाट. साहेब याच बेरजेवर समाधानी असणार. पण तुमच्या विभागातला सकाळचा तास आणि संध्याकाळचा तास एका वजनाचे नाहीत. सकाळी साडेआठला फोन शांत असतो, कुणी ‘अहो, ते जरा’ म्हणत डोकावत नाही, मनासारखं काम उरकता येतं. संध्याकाळी सहाला एका हातात फोन, दुसऱ्या हातात चलन, समोर ड्रायव्हर, आणि तुमचं स्वतःचं दुपारी हातात घेतलेलं काम तसंच अर्धवट. तिच्या वाट्याला दीड तास शांततेचा, तुमच्या वाट्याला दीड तास आगीचा. वर तिच्या पार्ट्यांचे फोन. आणि त्याच्याही वर रोजची अर्धा-पाऊण तासाची जी शेपूट आहे, ती तर कुठल्याच बेरजेत नाही. दिवसाला चाळीस मिनिटं धरली तरी पाच दिवसांच्या आठवड्यात दोनशे मिनिटं होतात, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. हे तुम्ही फुकट देताय.

म्हणून ती पाचला निघते हा प्रश्नच नाही. ती निघाल्यावर तिचं काम कुठे जातं, हा प्रश्न आहे. तिची वेळ तिच्यापाशी राहू द्या. तुमच्या टेबलावर जे येऊन पडतं, त्याबद्दल बोला.

आता ‘तू तर दहा मिनिटांवर राहतेस’ या वाक्याकडे येते. अशी वाक्यं साहेबमंडळींना फार आवडतात. त्यात वाद मिटल्यासारखा वाटतो आणि स्वतःला काही करावं लागत नाही.

कामाचा वेळ म्हणजे काय, यावर जगात पुष्कळ डोकेफोड झालेली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दुकानं आणि कार्यालयांसाठी 1930 साली जो करार केला, त्यातली व्याख्या मला आवडते, कारण ती सरळ आहे : कर्मचारी मालकाच्या हाताखाली, त्याला उपलब्ध असतो तेवढा वेळ. घरून निघून कामाच्या जागी पोचेपर्यंतचा वेळ सहसा त्यात धरला जात नाही. अपवाद आहेत. ज्यांना ठरलेलं ऑफिसच नाही आणि जे घरून थेट गिऱ्हाइकाकडे जातात, त्यांचा दिवसातला पहिला आणि शेवटचा प्रवास कामाच्याच वेळेत धरायचा, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2015 मध्ये दिला होता. तुमच्या सहकारीला मात्र ऑफिस आहे, टेबल आहे. तिचे दोन तास तिचे आहेत.

साहेबांनी हेच तर धरलंय, असं तुम्ही म्हणाल. नाही, त्यांनी अर्धंच धरलंय. अंतर ऑफिसच्या हिशेबात येत नसेल, तर ते कुणाचंच येता कामा नये. ती लांब राहते म्हणून तिला कामातून सूट नाही, आणि तुम्ही जवळ राहता म्हणून तुमच्यावर जास्तीचं ओझंही नाही. जवळ राहणं हा काही ऑफिसने तुम्हाला दिलेला भत्ता नव्हे, की त्याची वसुली संध्याकाळी सातला व्हावी. घर घेताना किंवा भाड्याने शोधताना प्रत्येक माणूस काहीतरी मोजतो : कुणी जास्त पैसे मोजून लहान जागेत राहतो आणि वेळ वाचवतो, कुणी वेळ घालवतो आणि जास्तीची खोली मिळवतो. तुम्ही तुमची किंमत आधीच मोजलेली आहे. एकाच मालाचं बिल दोनदा का भरायचं?

‘घरी कोण वाट बघतंय’ या वाक्याला तर मी उत्तर देण्याच्याही लायकीचं समजत नाही. तरी एक देऊन ठेवते, कामाला येईल : ‘मी बघते ना वाट, माझी.’ हसत म्हणा. पुन्हा कुणी विचारलं तर तेच वाक्य न हसता म्हणा.

तुमच्या सहकारीला सवलत मिळाली यात मला काही गैर वाटत नाही. ती तोंडी मिळाली, हे मात्र गैर झालं. कधीतरी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली असेल, ‘सर, गाडीचा प्रॉब्लेम होतोय’ म्हणाली असेल, आणि ते ‘बरं बरं, ये लवकर, जा लवकर’ म्हणाले असतील. पाच मिनिटांत विषय संपला. पाचनंतर तिचे फोन कोण घेणार, हा प्रश्न त्या केबिनमध्ये कुणी काढलाच नाही. काढला नाही म्हणून तो आपोआप उतारावरून घरंगळत सगळ्यात जवळच्या खुर्चीपाशी आला. तुम्हाला ना कुणी विचारलं, ना सांगितलं. वर्षभर चाललं की त्याचा रिवाज झाला. आता तुम्ही बोललात की तुम्हीच भांडखोर.

ही तडजोड नीट कशी करतात, याचा एक जुना दाखला आहे. म्युनिकजवळ ओटोब्रुनला ब्योल्को (पुढे मेसरश्मिट-ब्योल्को-ब्लोम) या विमानं बनवणाऱ्या कंपनीत 1967 साली सरकत्या वेळांची पद्धत सुरू झाली. कारण अगदी तुमच्यासारखं घरगुती होतं : सगळे एकाच वेळी निघाले की रस्ते तुंबायचे. मग ठरलं असं, की मधले काही तास सगळ्यांनी हजर असायचं, आधीचे-नंतरचे ज्याने त्याने सोयीने लावायचे. इथे लक्षात घेण्यासारखं आहे ते हे, की मुभा सगळ्यांना होती आणि मधल्या तासांचं बंधनही सगळ्यांना. एकीला मुभा नि दुसरीला बंधन असली विभागणी नव्हती. तुमच्या ऑफिसात मधले तास कुणी ठरवलेच नाहीत. त्यातून तुमच्या कामाचा कणा संध्याकाळी आहे, दुपारी नाही, त्यामुळे दुसरीकडची पद्धत उचलून आणली तरी ती जशीच्या तशी बसणार नाही. बसवून घ्यावी लागेल.

बरं, आता ती मोबाईलमधली नोंद.

ती एचआरला दाखवू नका. हे तुमच्या सहकारीच्या भल्यासाठी सांगत नाहीये, तुमच्याच भल्यासाठी सांगतेय. त्या नोंदीतून एवढंच सिद्ध होतं, की साहेबांनी दिलेली परवानगी ती वापरते आणि तुम्ही तिच्यावर पाळत ठेवता. पहिलं सगळ्यांना माहीत आहे. दुसरं माहीत झालं की तुमच्या रोजच्या चाळीस मिनिटांबद्दल कुणी बोलणार नाही, तुमच्याबद्दल बोलतील.

आणि ती नोंद अर्धीच आहे. तिच्या जाण्याच्या वेळा तुम्हाला दिसतात, येण्याच्या दिसत नाहीत. हा दोष तुमचा एकटीचा नाही. कॅनडातल्या मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली एक गंमत दाखवली. नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, की घरातल्या या-या कामात तुमचा वाटा किती. दोघांचे वाटे जोडले, तर बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. सगळेच खोटं बोलत होते असं नाही. आपण काढलेल्या खस्ता आपल्याला लख्ख आठवतात, दुसऱ्याच्या दिसलेल्याच नसतात. तुमची सहकारी तिच्या घरी काय सांगत असेल, कल्पना करा : ‘सकाळी सगळं ऑफिस मी उघडते, रात्री आलेले मेल मीच निस्तरते, या बाईसाहेब दहाला येतात.’

तेव्हा दोन आठवडे वेगळी नोंद ठेवा. तिच्याबद्दल एक अक्षर नाही. पाचनंतर तुमच्याकडे आलेलं काम, बस्स. फोन कुणाच्या पार्टीचा, किती मिनिटं गेली, तो दुसऱ्या दिवशी घेतला असता तर काही बिघडलं असतं का, आणि तुम्ही किती वाजता उठलात. हा शेवटून दुसरा रकाना महत्त्वाचा. माझा अंदाज आहे, त्यातली बरीच कामं सकाळवर ढकलता येण्याजोगी निघतील, आणि काही अशी निघतील की ती साडेचारलाच विचारून घेता आली असती. ‘आज कुणाचा पत्ता बदलायचा आहे का?’ एवढा एक फोन पार्टीला चार वाजता गेला, तर सहाची निम्मी आग लागणारच नाही.

याच दोन आठवड्यांत एक दिवस साडेआठला ऑफिसात जा. तिला पकडायला नव्हे, तिला आदल्या दिवशी सांगून जा. ‘उद्या मीही लवकर येतेय, माझं काम तुंबलंय.’ ती वेळ कशी असते ते बघा. कदाचित तुम्हालाच आवडेल, आणि तेही पुढे उपयोगाचं आहे.

मग तिच्याशी बोला. साहेबांच्या आधी तिच्याशी. आणि हात जोडून सांगते, पाचच्या आसपास बोलू नका. तेव्हा तिच्या कानात फक्त गाडीची शिट्टी वाजत असते, तुमचा शब्दही आत जाणार नाही, वर ती म्हणेल, ‘नेमकं निघतानाच कशी अडवते बघ.’ सकाळी अकराला, दुपारच्या सुट्टीत, कधीही. सुरुवात साधारण अशी :

‘अगं, तू पाचला निघतेस त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तू गेल्यावर तुझ्या पार्ट्यांचे फोन माझ्याकडे येतात आणि मला रोज सात वाजतात. मी दोन आठवडे लिहून ठेवलंय, हे बघ. यावर आपण दोघी मिळून काहीतरी काढू या.’

ती आधी थोडी ताठरेल. ‘मी साडेआठला येते’ म्हणेल. तुम्ही म्हणा, ‘हो, माहितेय, मी आले होते ना त्या दिवशी.’ तिथून पुढचं बोलणं सोपं जाईल.

मागायचं काय, तर माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत, तुमच्या कामाला बसतील त्या घ्या. तिने साडेचारला तिच्या सगळ्या पार्ट्यांना फोन करून बदल विचारायचे आणि निघण्याआधी दहा मिनिटं तुम्हाला काय बाकी आहे ते नीट सांगायचं, ‘बघशील ना गं’ म्हणत पर्स उचलून नव्हे. आठवड्यातून एक किंवा दोन दिवस, आधीपासून ठरलेले, तिने उशिरा येऊन शेवटपर्यंत थांबायचं आणि तुम्ही लवकर येऊन पाचला जायचं. लांबच्या माणसाला ऐनवेळचा उशीर परवडत नाही, पण आठवडाभर आधी माहीत असलेला उशीर पुष्कळदा परवडतो : ती पुढच्या गाडीचं, घरचं बघून ठेवू शकते. आणि तिला खरोखरच एकही दिवस जमत नसेल, कारण घरी लहान मूल असतं, म्हातारं माणूस असतं, तर तिने तुमचं दुसरं काही उचलावं. महिनाअखेरीचा ताळा, रजेवर गेलेल्यांचं काम, तुम्हाला नकोसं असलेलं असं काहीतरी नक्की असेल. तिने त्याच नाण्यात परतफेड करावी असा हट्ट धरू नका. परतफेड व्हावी, हा हट्ट मात्र धरा.

तिच्याशी ठरलं की मग दोघींनी मिळून साहेबांकडे जा, आणि ठरलेलं एका साध्या मेलमध्ये लिहून पाठवा. नाही ठरलं, तर तुम्ही एकटीने जा, हातात ती नवी नोंद घेऊन. तिचं नावही न घेता विचारा : ‘सर, साडेसहानंतर मला रोज चाळीस मिनिटं लागतात. याची भरपाई सुट्टीच्या रूपाने मिळेल, की ओव्हरटाइम धरायचा, की हे काम वाटून द्याल?’ पुन्हा ‘दहा मिनिटांवर राहतेस’ आलं, तर शांतपणे म्हणा, ‘मी कुठे राहते ते सोडा सर, काम कुठलं आहे ते सांगते.’ आणि नोंद पुढे सरकवा. त्यानेही काही हललं नाही, तर खुशाल एचआरकडे जा. जास्तीच्या वेळाची भरपाई कशी द्यायची याचे नियम तुमच्या ऑफिसात लिहिलेले असतील, कायद्यातही असतील. जाण्याआधी ते वाचून घ्या.

एक गोष्ट उद्यापासूनच सुरू करता येईल, तिला कुणाची परवानगी लागत नाही. साडेसहाला उठा. रोज नको, आठवड्यातून दोनदा. गाडी अडेल असं काही हातात असेल ते पुरं करा. बाकीचं एका कागदावर लिहा, तिच्या टेबलावर ठेवा, वर ‘सकाळी प्लीज’. सकाळी साडेआठला तिथे कुणीतरी असतं, शांत वेळ असते, आणि ते काम मुळात तिच्याच पार्टीचं आहे.

आणि ती जुनी नोंद, चार त्रेपन्नवाली, तिच्याशी बोलायला जाण्याआधी मोबाईलमधून काढून टाका. खिशात असली तर पहिल्या खटक्याला तुमच्या तोंडून निघून जाईल.